आभाळातलं एक मिलिमीटर पाणी

आमच्या आजोळचं घर माळवदाचं होतं, अंबाजोगाईपासून थोडं आत, बालाघाटच्या रांगेत. उन्हाळ्यात जेवणं आटोपली की वाकळा घेऊन सगळे वर झोपायला जायचे. लाईट बहुतेक गेलेलीच असायची, त्यामुळे आकाशगंगा अशी उजळून दिसायची की डोळे मिटावेसे वाटत नसत. तिच्या मधोमध, वृश्चिकाच्या नांगीजवळून वर सरकणारे काळे पट्टे होते. मी आजीला विचारायचो, तिथं चांदण्या का नाहीत? ती म्हणायची, "तिथं आभाळ फाटलंय, बाळा."

मोठमोठ्या निरीक्षकांनाही असंच वाटलं होतं. विल्यम हर्शेल यांना अठराव्या शतकात असा एक काळा डाग पाहून आकाशाला भोक पडल्यासारखं वाटलं. पुढे एडवर्ड बर्नार्ड यांनी वर्षानुवर्षं आकाशगंगेची छायाचित्रं घेतली आणि १९१९ साली या काळ्या डागांची यादीच छापली. मग हळूहळू उलगडा झाला. जिथं काहीच नाही असं वाटत होतं, तिथंच सगळ्यात जास्त माल भरलेला आहे: थंडगार वायू आणि त्यात मिसळलेली धूळ. मागच्या ताऱ्यांचा उजेड ही धूळ अडवते. आणि नवे तारे जन्माला येतात तेही तिच्याच पोटात.

त्या धुळीच्या आत पाहू शकेल अशा एका दुर्बिणीबद्दल मला सांगायचं आहे. ती अजून बांधलेली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, अटाकामा वाळवंटात ती उभी राहावी म्हणून नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने तिचा आराखडा तयार होतो आहे. २०२१ पासून त्या कामाला युरोपीय संघाचा निधी मिळाला. नाव ॲटलास्ट, लहरी गोळा करणाऱ्या तिच्या ताटलीचा व्यास ५० मीटर. एवढ्या मोठ्या ताटलीची खरंच गरज आहे का, असं कुणीही विचारील, आणि विचारावंच. माझं उत्तर आहे, हो, फार गरज आहे. का, ते आपल्याच भागातल्या गोष्टींवरून सांगतो.

पत्र्याच्या घरात राहिलेल्या माणसाला यातला पहिला मुद्दा समजवावा लागत नाही. मे महिन्यात पत्रा दिवसभर ऊन खातो. सूर्य मावळतो, अंधार पडतो, तरी रात्री दहापर्यंत त्या पत्र्याखाली बसवत नाही. डोळ्यांना पत्रा काळा दिसतो, पण अंगाला धग लागते. दिवसा गिळलेलं ऊन तो आता दुसऱ्या रूपात सोडत असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात.

अंतराळातली धूळ हेच करते. तिचे कण चुलीच्या धुरातल्या कणांसारखे बारीक, वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे. ते ताऱ्यांचा उजेड गिळतात, किंचित तापतात आणि ती ऊब बाहेर टाकतात. पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो. ही धूळ "तापून" उणे २६० ते उणे २२० अंश सेल्सियसवर येते! वस्तू जितकी थंड, तितकी तिच्यातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी मोठी. एवढ्या थंड धुळीच्या किरणांची तरंगलांबी मिलिमीटरच्या काही दशांशांत जाते. एका मिलिमीटरपेक्षा थोड्या लहान, साधारण ०.३ ते १ मिलिमीटरच्या या लहरींना सबमिलिमीटर लहरी म्हणतात. यांच्या एका बाजूला अवरक्त किरण, दुसऱ्या बाजूला रेडिओ.

आता हिशेब पाहा. विश्वात तारे पेटायला लागल्यापासून आजवर त्यांनी जेवढा उजेड दिला, त्यातला साधारण निम्मा उजेड धुळीने गिळला आणि असा लांब लहरींच्या रूपात परत सोडला. कोबे नावाच्या उपग्रहाच्या मोजमापांवरून १९९० च्या दशकात हे पुढे आलं. म्हणजे कितीही मोठी साधी दुर्बीण बांधली तरी ती अर्धाच हिशेब वाचते. उरलेली अर्धी वही या लहरींत लिहिलेली आहे.

याच लहरींत वायूचाही पत्ता लागतो. तारे बनतात ते हायड्रोजनच्या रेणूंपासून, पण थंडीत हा रेणू जवळजवळ गप्प असतो, त्याच्याकडून काहीच किरण येत नाहीत. मात्र दर दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे साधारण एक कार्बन मोनॉक्साइडचा रेणू असतो आणि तो बोलका आहे. तो गिरक्या घेतो आणि ठराविक तरंगलांब्यांवर संदेश सोडतो. अंधारात रस्त्याने जाणारी बैलगाडी दिसत नाही, पण तिच्याखाली टांगलेला कंदील दिसतो. गाडी कुठं आहे, किती वेगाने चालली आहे, हे त्या कंदिलावरून कळतं. कार्बन मोनॉक्साइड हा तो कंदील. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी तो मृगातल्या तेजोमेघात पहिल्यांदा पाहिला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिलिमीटर लहरी प्रयोगशाळेत तयार करून त्यांचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांत जगदीशचंद्र बोस होते. १८९० च्या दशकात, कोलकात्यात, साधारण पाच मिलिमीटरच्या लहरी त्यांनी हाताने बनवलेल्या साधनांतून काढल्या आणि पकडल्या. त्यांनी वापरलेल्या शिंगाच्या आकाराच्या नळ्या आजच्या दुर्बिणींच्या तोंडाशीही असतात. शाळेत आपण बोस यांना झाडांच्या संवेदनांसाठी ओळखतो. या कामासाठीही ओळखायला हवं.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे पाण्याची.

हे वाक्य मराठवाड्यात बसून लिहिताना हात थबकतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पावसासाठी ढगांत फवारणी करणारी विमानं २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून उडाली होती. आठवीच्या वर्गात एका मुलीने मला तेव्हा विचारलं होतं, "सर, ढगं तर रोज येत्यात, मग पाणी जातं कुठं?" तिचा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. पाणी कुठेही जात नाही, वरच असतं. पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून जमिनीवर पसरली, तर तिचा थर साधारण ५० मिलिमीटर भरेल. पाऊस न पडलेल्या दिवशीसुद्धा. कडक उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असतानाही हा थर २० ते ३० मिलिमीटर असतो. तहसीलच्या पर्जन्यमापकात शून्य, आणि डोक्यावर तीन सेंटिमीटर पाणी.

सबमिलिमीटर लहरींना ही वाफ भिंतीसारखी अडवते. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. तो गिरक्या घेतो आणि गिरक्या घेण्यासाठी लागणारी ऊर्जा नेमकी याच लहरींतून उचलतो. करोडो वर्षं अंतराळातून विनाअडथळा आलेली लहर जमिनीपासून शेवटच्या काही किलोमीटरांत एखाद्या वाफेच्या रेणूला पोटभर होते आणि संपते. लातूर काय, मुंबई काय, पृथ्वीवरच्या बहुतेक सगळ्या जागांहून हे आकाश कायमचं बंद आहे.

उघडं आहे ते फार थोड्या ठिकाणी, उंच आणि कोरड्या. अटाकामातलं चाहनान्तोर पठार त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं. उंची ५,००० मीटर. वाफ हवेच्या खालच्या थरांतच साचते, त्यामुळे एवढ्या उंचीवर बहुतेक वाफ पायाखाली राहते. शिवाय ते वाळवंट आहे. का आहे, तेही आपल्याला चांगलं समजेल. सह्याद्री पावसाचं पाणी आधीच उतरवून घेतो आणि मराठवाडा त्याच्या पर्जन्यछायेत कोरडा राहतो. तसाच, पण सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच असा अँडीज पर्वत ॲमेझॉनच्या बाजूने येणारी वाफ अडवतो. दुसऱ्या बाजूच्या प्रशांत महासागरात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे तिकडूनही ढग वर चढत नाहीत. परिणामी चाहनान्तोरच्या डोक्यावर पाण्याचा थर उरतो सरासरी एक मिलिमीटरचा. हिवाळ्यातल्या चांगल्या रात्री त्याच्याही निम्मा. आपल्या देशात असं कोरडं आभाळ शोधायचं तर लडाखमध्ये हानलेला, ४,५०० मीटरवर जावं लागतं.

५,००० मीटरवर हवाही जवळजवळ निम्मीच. तिथं काम करणारे माणसं नाकाला ऑक्सिजनची नळी लावून यंत्रं दुरुस्त करतात. इतक्या यातना एका मिलिमीटरसाठी.

तिथं आज काही नाही असं मात्र नाही. युरोप, अमेरिका, जपान आणि इतर देशांनी मिळून तिथेच आल्मा नावाची दुर्बीण उभारली आहे. ६६ ताटल्या, त्यांतल्या ५४ बारा मीटरच्या आणि १२ सात मीटरच्या, एकमेकींपासून कमाल १६ किलोमीटरवर नेता येणाऱ्या. मार्च २०१३ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून तिने जे दाखवलं आहे त्यापुढे हात जोडावेत. १० एप्रिल २०१९ ला जगाने कृष्णविवराची जी पहिली प्रतिमा पाहिली, ती १.३ मिलिमीटरच्या लहरींतली होती आणि त्यात आल्माचा वाटा फार मोठा होता. सगळ्या ताटल्यांचं क्षेत्रफळ मिळवलं तर आल्मा नियोजित ॲटलास्टपेक्षा तिपटीहून मोठी भरते.

मग आल्मा असताना आणखी एक कशाला? माझ्या मते या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न हा आहे, आणि त्याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर, आल्मा जाड्या सुईच्या नेढ्यातून पाहते. ०.८७ मिलिमीटरच्या लहरींत तिला एका वेळी आकाशाचा दिसणारा गोल सतरा विकलांचा असतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). पौर्णिमेच्या चंद्राचं बिंब नुसतं झाकायचं तरी तिला दहा हजारांहून जास्त वेळा नेम धरावा लागेल. ॲटलास्टचा आराखडा दोन अंशांच्या गोलासाठी आहे, म्हणजे चार चंद्र एका ओळीत मावतील एवढ्या खिडकीसाठी. जिथं काय आहे ते ठाऊक आहे तिथं आल्माने जावं. पण काय आहे हेच ठाऊक नसेल, तर आधी कुणीतरी सगळं रान पालथं घालायला हवं.

दुसरं उत्तर थोडं अवघड आहे. अनेक ताटल्या जोडून केलेली दुर्बीण ताटल्या-ताटल्यांमधल्या फरकावर चालते. एकीला मिळालेली लहर आणि दुसरीला मिळालेली लहर यांची तुलना करून ती बारीक तपशील बांधते. पण एखादा वायूचा ढग आकाशात ऐसपैस, सपाट पसरलेला असेल तर त्याचा उजेड या तुलनेत दिसतच नाही, कारण ताटल्या एकमेकींना चिकटवून ठेवता येत नाहीत आणि मोठे आकार पकडायला तेच लागतं. पिठाच्या चाळणीतून बारीक पीठ परातीत येतं, भरडा वर राहतो. आल्माची परात नेहमी बारीक पिठाची. वर राहिलेल्या भरड्यात, त्या ऐसपैस पसरलेल्या वायूत, बहुतेक माल असू शकतो, आणि तो पाहायला एकच मोठी ताटली लागते.

एकच, पण मोठी का? लहान ताटली आकाश धूसर पाहते. रात्री घाट उतरताना खालच्या गावाचे दिवे आधी एकच उजेडाचा गोळा वाटतात, जवळ गेल्यावर घरं सुटी होतात. हर्शेल नावाच्या अंतराळ दुर्बिणीचा आरसा साडेतीन मीटरचा होता. ०.५ मिलिमीटरच्या लहरींत तिला दिसणारा लहानात लहान ठिपका एक किलोमीटरवर धरलेल्या भाकरीएवढा. हवाईतल्या मौना केआ शिखरावरची जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण १५ मीटरची, ०.८५ मिलिमीटरला तिचा ठिपका तेवढ्याच अंतरावरच्या वाटीएवढा. ५० मीटरच्या ताटलीचा त्याच लहरींतला ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा. भाकरीच्या आड पाच-सहा दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मेळे, लपल्या तर त्या एकच दिसतात, आणि कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी सुट्या होत नाहीत. याआधीच्या दुर्बिणींना एकच वाटलेले अनेक ठिपके आल्माने पाहिल्यावर दोन-दोन, तीन-तीन दीर्घिका निघाल्या.

पन्नास मीटरची ताटली जगात आधीपासून आहे, हेही सांगायला हवं. मेक्सिकोत सिएरा नेग्रा पर्वतावर, ४,६०० मीटरवर. उत्तम दुर्बीण आहे, पण ती मुख्यतः एक मिलिमीटर आणि त्याहून लांब लहरींसाठी बांधलेली आहे, तिथलं आभाळ चाहनान्तोरइतकं कोरडं नाही आणि तिची खिडकी अरुंद आहे. चाहनान्तोरजवळच ५,६०० मीटर उंचीवर एक सहा मीटरची दुर्बीण उभी राहते आहे. तिची खिडकी रुंद, पण ताटली लहान. रुंद खिडकी, मोठी ताटली आणि कोरडं आभाळ हे तिन्ही एकत्र अजून कुठेच नाही. सगळा दावा या एका वाक्यात आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या एका जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या ठिगळावर दहा दिवस डोळा रोखला. त्या एवढ्याशा तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. मग मौना केआवरच्या १५ मीटरच्या दुर्बिणीने, स्कूबा नावाचा नवा सबमिलिमीटर कॅमेरा लावून तोच तुकडा पाहिला. १९९८ साली निकाल छापून आला. त्या तुकड्यात सबमिलिमीटर लहरींत सगळ्यात तेजस्वी जो ठिपका होता, त्याच्या जागी हबलच्या चित्रात काहीच नव्हतं. तीन हजार दीर्घिकांतली एकही नाही. ती किती लांब आहे हे कळायला २०१२ उजाडलं, तब्बल चौदा वर्षं. फ्रान्सच्या आल्प्समधल्या दुर्बिणींनी तिच्यातले कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडचे संदेश पकडले तेव्हा समजलं की तिचा उजेड निघाला तेव्हा विश्वाचं वय अवघं १.१ अब्ज वर्षं होतं. आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्यांएवढे तारे घडवते. ही दीर्घिका वर्षाला साडेआठशे सूर्यांएवढे घडवत होती! धुळीच्या जाड गोधडीखाली, कुणाच्या नजरेस न पडता.

एवढ्या लांबची वस्तू सापडली कशी, यामागे निसर्गाची एक मेहेरबानी आहे. साधारण नियम असा की दिवा लांब गेला की मंद होतो. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे लांबून येणाऱ्या लहरी ताणल्या जातात. धुळीची ऊब सगळ्यात जोरात निघते ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास. दीर्घिका जितकी लांब, तितकं हे शिखर ताणलं जाऊन आपण पाहतो त्या ०.८५ मिलिमीटरच्या खिडकीकडे सरकत येतं. अंतरामुळे उजेड घटतो आणि शिखर जवळ सरकल्यामुळे वाढतो. दोन्हींची जवळजवळ फिटंफाट होते. म्हणून धुळीने भरलेली दीर्घिका सहा-सात अब्ज वर्षांपूर्वीची असो की साडेबारा अब्ज वर्षांपूर्वीची, या खिडकीतून ती जवळपास सारखीच तेजस्वी दिसते. दुसऱ्या कुठल्याच किरणांत अशी सोय नाही. ती आपल्याला मिळालेली असताना एका वेळी एक ठिगळ पाहत बसायचं, आणि एका दीर्घिकेचं अंतर ठरवायला चौदा वर्षं लावायची, हे मला पटत नाही. ॲटलास्टने आकाशाचे मोठाले पट्टे या खिडकीतून पाहून अशा दीर्घिकांची सरसकट गणना करावी, त्यांची अंतरंही लगेच मोजावीत, ही तिच्यामागची पहिली मोठी मागणी आहे.

दुसरी मागणी समजायला पैठणला जाऊ. जायकवाडीत पाणी किती हे आपण दर पावसाळ्यात टक्क्यांत वाचतो. पण नुसत्या नाथसागराकडे पाहून पुढच्या वर्षी काय होईल ते कळत नाही. नाशिक-नगरकडच्या धरणांत किती साठलं, गोदावरीच्या पाणलोटात किती पडलं, हे पाहावं लागतं. दीर्घिकांचं असंच आहे. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत तारे घडवायला लागणारा वायू आजच्या वेगाने खर्च केला तर एक-दोन अब्ज वर्षांत संपायला हवा. आणि ती दहा अब्जांहून जास्त वर्षं तारे घडवतेच आहे. म्हणजे बाहेरून आवक आहे. दीर्घिकेभोवती लाखो प्रकाशवर्षांपर्यंत विरळ वायूचं आवरण असतं, तेच तिचं पाणलोट. त्यातून वायू आत येतो, आणि ताऱ्यांच्या स्फोटांनी, मधल्या कृष्णविवराच्या जोराने काही पुन्हा बाहेर फेकला जातो. या आवक-जावकेचा ताळेबंद अजून कुणाच्याही हाती नाही. तो वायू विरळ, मंद आणि ऐसपैस पसरलेला आहे. चाळणीत वर राहणारा तोच भरडा. आल्मा तो चाळून टाकते, लहान ताटल्यांना तो दिसत नाही. काही दीर्घिका भरल्या धरणासारख्या का राहतात आणि काही कायमच्या कोरड्या का पडतात, याचं उत्तर तिथं आहे. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न भिडतो, निदान मला तरी.

दीर्घिकांचे मोठे समूह असतात, त्यांच्यात कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. त्याच्यावरही या लहरींतून नजर टाकता येते, तीही अनोख्या रीतीने. विश्वाच्या बाल्यावस्थेतला उजेड आजही सगळीकडून येतो आहे, ताणून ताणून मिलिमीटर लहरींचा झालेला. तो या तापलेल्या वायूतून जाताना त्या उजेडाच्या काही कणांना ऊर्जेचा धक्का बसतो. त्यामुळे १.४ मिलिमीटरपेक्षा लांब लहरींत त्या समूहाची सावली पडल्यासारखी दिसते आणि त्याहून लहान लहरींत तीच जागा उजळ दिसते. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं. सुन्याएव्ह आणि झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हे आधी कागदावर मांडलं होतं. या सावलीची खोली समूहाच्या अंतरावर अवलंबून नसते, त्यामुळे फार लांबचे समूहही सापडतात. दोन्ही बाजूंच्या लहरी एकाच दुर्बिणीतून, बारीक तपशिलासह आणि रुंद खिडकीतून पाहता आल्या तर तो वायू किती तापला, कुठे ढवळला गेला, हे नकाशावर मांडता येईल.

आपल्या आकाशगंगेतली कामं तर मोजून संपत नाहीत. आजीच्या त्या फाटलेल्या आभाळात कुठे कुठे तारे जन्मत आहेत याची पूर्ण मोजणी, त्या ढगांतल्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे, जन्मणाऱ्या ताऱ्यांवर वारंवार नजर. सर्प तारकासमूहातल्या एका ढगात, सुमारे १,४०० प्रकाशवर्षांवर, ईसी ५३ नावाचा एक तान्हा तारा आहे. तो साधारण दर दीड वर्षाने उजळतो आणि पुन्हा मंदावतो. भोवतालच्या तबकडीतून तो एकसारखा वायू खात नाही, अधूनमधून घास घेतो, असं त्यावरून दिसतं. असे किती तान्हे तारे किती वेळाने घास घेतात, हे कळायला हजारो तारे वर्षानुवर्षं पाहावे लागतील.

यंत्राबद्दल थोडं. ताटलीचं क्षेत्रफळ १,९६३ चौरस मीटर, म्हणजे एकोणीस गुंठे, अर्ध्या एकराला थोडं कमी. एवढ्या रानभर पसरलेला धातूचा पृष्ठभाग आपल्या आदर्श आकारापासून सरासरी २० मायक्रॉनच्या आसपासच हलला पाहिजे, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. तो उन्हात तापणार, वाऱ्यात हलणार, कललं की स्वतःच्या वजनाने वाकणार. म्हणून त्याचे तुकडे मागून यंत्रांनी सतत ढकलून-ओढून आकारात ठेवायचे. पकडलेली ऊब मोजणारे कॅमेऱ्यातले कण स्वतः निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सियसच्या) वर अंशाच्या दहाव्या भागापर्यंत गार ठेवायचे. पहिल्या स्कूबात असे सव्वाशेच्या आसपास कण होते, नंतरच्या स्कूबा-२ मध्ये दहा हजार. ॲटलास्टच्या रुंद खिडकीत लाखो मावतील.

वीज सूर्यावर आणि साठवणीवर चालवायची, असा या आराखड्याचा आग्रह आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आज त्या पठारावरच्या दुर्बिणींना बरीच वीज इंधन जाळून मिळते. जिथं ढग जवळजवळ येतच नाहीत त्या जागी ऊन वाया घालवणं बरं नव्हे.

हे सगळं आपल्यापासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चाललं आहे. पण आपल्याकडेही एक मोठं काम उभं राहतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून तिथं कृष्णविवरांच्या टकरींचे हादरे ऐकले जाणार आहेत. अटाकामा निवडलं गेलं ते आभाळ कोरडं म्हणून, औंढा निवडलं गेलं त्यात जमीन शांत असण्याचा मोठा भाग होता. पीक जमिनीप्रमाणे निवडावं लागतं, तसंच हे. लायगोला ज्या कृष्णविवरांचे हादरे ऐकू येतील, ती ज्या ताऱ्यांच्या मरणातून झाली ते तारे कुठल्या तरी धुळीच्या ढगातच जन्मले होते. परभणीच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या मुलीने एका वेधशाळेचं काम औंढ्याला करावं आणि दुसरीची माहिती चिलीहून उतरवून घ्यावी, यात आता अशक्य असं काही राहिलेलं नाही. ढगं कुठं जातात विचारणारी ती आठवीतली मुलगी माझ्या डोळ्यांपुढे असते.

अँडीजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांना रिकामी जागा मानत नाहीत. त्यांनी ताऱ्यांमध्ये आकृत्या जोडल्या, तशाच या काळोखातही पाहिल्या. त्यातली सगळ्यात मोठी आहे लामा, त्यांचं ओझं वाहणारं आणि लोकर देणारं जनावर. तिचे डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक हे दोन तारे. हे तारे आपल्याकडूनही दिसतात. मे महिन्याच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास माळवदावर उभं राहून बरोबर दक्षिणेला पाहिलं, तर क्षितिजाच्या जरा वर, शेजारी शेजारी, ते दोघे असतात.